बोंगो झेफ पुस्तक वाचत नाहीत

सकाळची लापशी शिजत असताना कुणी बोलायचं नाही, असा आयव्हीच्या घरचा नियम होता. नियम अर्थातच तिच्या नवऱ्याचा, बोंगो झेफ यांचा. समोरच्या डोंगरावर सूर्य पुरता वर येईपर्यंत ते कमरेपर्यंतच्या जटा मोकळ्या सोडून अंगणात पूर्वेकडे तोंड करून उभे राहत आणि घनगंभीर आवाजात स्तोत्रं म्हणत. तेवढ्या वेळात भांडं वाजता कामा नये, मूल रडता कामा नये, कोंबडी ओरडता कामा नये. मूल आता टोरांटोला होतं. कोंबड्या शेजारच्या मिस इनेझच्या होत्या, चर्चला जाणाऱ्या घरातल्या, त्या असले नियम पाळत नसत.

त्या दिवशी स्तोत्र ऐन रंगात आलेलं असताना पत्र्याच्या फाटकावर दगड वाजला. एकदा नाही, तीनदा.

"आयव्ही! अगं आयव्ही! कुत्रं धर!"

आयव्ही डोक्याचं फडकं सावरत धावली. "कुत्रं मरून दोन वर्षं झाली, इनेझ. पुरायला तूच आली होतीस."

"सवयीने आलं तोंडात. हे घे. पोस्टात गेले होते, तर तुझं पार्सल पडलेलं."

पार्सलचा एक कोपरा फाटलेला होता आणि त्यावर नवीकोरी चिकटपट्टी होती.

"हा कोपरा?"

"आपोआप फाटला."

"आणि पट्टी आपोआप लागली?"

"मग काय उघडं ठेवू? पावसापाण्याचे दिवस!" मिस इनेझने इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "मंगळवारपासून माझ्याकडे आहे. दोनदा वाचलं. आयव्ही, तुझ्या देस्ताने पुस्तक लिहिलंय, आणि मी आहे त्यात! आख्खं प्रकरण! फक्त माझ्या चर्चच्या टोपीला कोबीचा गड्डा म्हटलंय, ते काही मला पटलं नाही."

अंगणातलं स्तोत्र थांबलं होतं. एवढ्या वर्षांत ते मधेच थांबलेलं आयव्हीने दोनदाच ऐकलं होतं, एकदा वादळात आणि एकदा देस्ता घर सोडून गेली त्या सकाळी.

"काय आहे ते?" बोंगो झेफनी लांबूनच विचारलं.

"देस्ताचं पुस्तक," आयव्ही म्हणाली. "आपल्यावर लिहिलंय. तिच्या लहानपणावर."

आयव्हीने कागद सोडवून पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. मुखपृष्ठावर पत्र्याचं कुंपण होतं आणि त्याच्या भोकातून बाहेर आलेला एक लहान हात. बोंगो झेफ बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बॅबिलोनच्या छापखान्यातली चीज मी-आणि-मीच्या घरात येणार नाही." मी-आणि-मी म्हणजे ते स्वतः आणि त्यांच्या आतला देव.

"तुमचं बायबलही छापखान्यातूनच आलंय, बोंगो," मिस इनेझ म्हणाली.

त्यावर त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की मिस इनेझला चुलीवर काहीतरी ठेवून आल्याचं आठवलं.

गेल्याच रविवारी देस्ता फोनवर म्हणाली होती, "आई, मी पुस्तक पाठवलंय. नीरफणस पिकतील तेव्हा यायचं मनात आहे. पण बाबांनी ते वाचल्याशिवाय नाही येणार. सगळं, शेवटपर्यंत. वाचून ये म्हणाले तर येईन, येऊ नको म्हणाले तर तेही चालेल. पण काही लिहिलंच नाही अशा थाटात गुडघे जुळवून त्यांच्यासमोर बसायला मी येणार नाही."

आठ वर्षं झाली होती लेकीला बघून. आणि वाचायचं कुणी, तर बोंगो झेफनी.

हा माणूस मूळचा क्लिफ्टन नावाचा बस कंडक्टर. बंदराकडून डोंगरात येणाऱ्या बसच्या दारात लटकून असा आवाज द्यायचा, की पुढच्या गावातली माणसं आधीच थांब्यावर येऊन उभी राहत. आयव्ही त्याच बसने शिक्षिकांच्या कॉलेजात जायची आणि त्या आवाजावरच भाळली. मग एके दिवशी त्याला साक्षात्कार झाला, तो जटाधाऱ्यांच्या पंथात गेला, त्याने तिकिटांची पिशवी परत केली, नाव बदललं, केस वाढवले आणि डोंगरउतारावर कोनफळं लावली. त्यांच्या पंथात नवऱ्याने बायकोला महाराणी म्हणायचं आणि बायकोने नवऱ्याला राजे. पहाटे उठून चूल महाराणीच पेटवायची, तो भाग वेगळा.

जगात जे जे वाईट ते बॅबिलोन. पोलीस बॅबिलोन, बँक बॅबिलोन, आगपेटीवरचा छाप बॅबिलोन. मुलीने डोकं उघडं ठेवणं, पँट घालणं, शेजारच्या घरात खेळायला जाणं, रेडिओवर नाचाची गाणी ऐकणं, सगळं त्यातच. चष्मा तर पक्का बॅबिलोन. देवाने दिलेल्या डोळ्यांपुढे माणसाने काचा का लावाव्यात? स्वतःचे डोळे अधू झाल्यावर ते बायबल हातभर लांब धरून वाचू लागले, आणि हात पुरेना तेव्हा पाठ म्हणू लागले.

आणि सगळ्यात मोठं बॅबिलोन म्हणजे मीठ. पंथाचं जेवण शुद्ध, आयटल. मांस नाही, डब्यातलं काही नाही, मीठ नाही. कोनफळ, माठ, भोपळा, कच्ची केळी, नारळाचं दूध, ओव्याच्या वासाचा पाला आणि मिरची. आयव्हीने लग्नानंतर तीन वर्षं हे अळणी पातेलं इमानाने रांधलं. मग देस्ता दोन वर्षांची झाली आणि घास थुंकू लागली, तेव्हा आयव्हीने एका संध्याकाळी डोळे मिटून पातेल्यात चिमूटभर मीठ टाकलं. पोरीने वाटी चाटून पुसून संपवली. बोंगो झेफही दुसऱ्यांदा वाढून घेऊन म्हणाले, "महाराणी, आज माती बोलली!"

तेव्हापासून माती रोज बोलत होती.

मीठ जायफळाच्या डब्यात राहायचं, कारण जायफळाचा वास त्यांना सोसत नसे. आणि त्यांनी आपल्या मनाशी सिद्धांत बांधला, की आपल्या उतारावर समुद्राचा वारा थेट येतो आणि कोनफळात आपोआप चव उतरते. शनिवारी पंथातले भाऊबंद जमले की ते प्रत्येकाच्या हातात फोड ठेवून विचारत, "काय लागतं?" भाऊबंद डोळे मिटून म्हणत, "समुद्र!" आयव्ही चुलीकडे तोंड करून उभी राहायची. हे सगळं आजवर जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. दुसरं माणूस लेखिका झालं होतं.

तर पुस्तक घरात येणार नाही, असा हुकूम झाला. आयव्ही आज्ञाधारक बाई. तिने पुस्तक घरात आणलं नाही. स्वयंपाकघर अंगणाच्या पलीकडे वेगळं होतं. तिथे वरच्या फळीवर सणासुदीचं मोठं पातेलं पालथं असायचं, त्याच्याखाली पुस्तक ठेवलं. दुपारी राजे उताराकडे गेले, की ती गुलाबी फ्रेमचा चष्मा लावून वाचत बसायची. चष्मा गावात डोळे तपासायला गाडी आली होती तेव्हाचा. बाकीचे रंग संपले होते.

वाचताना ती कधी हसायची, कधी फडक्याच्या टोकाने डोळे पुसायची. पोरीने काही म्हणता काही सोडलं नव्हतं. एकेक प्रकरण झालं, की खूण म्हणून ओव्याची काडी ठेवायची आणि पुस्तक पातेल्याखाली.

चार-पाच दिवसांनी तिला चष्मा सापडेना. उशीखाली नाही, खिशात नाही. संध्याकाळी तो पिठाच्या डब्यावर मिळाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी काचेवर मातीचा अंगठा होता, चांगला बशीएवढा. तिने पातेलं उचललं. तिची ओव्याची काडी होती तिथेच होती. पण बरंच अलीकडे, तिसऱ्या प्रकरणात, कोनफळाच्या वेलाचा एक हिरवा तणावा गुंडाळून ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी ती दुपारची मुद्दाम मिस इनेझकडे जाते म्हणून निघाली आणि केळीच्या मागून फिरून आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बोंगो झेफ बसले होते. जटा पाठीवर टाकलेल्या, दाढी छातीवर, आणि नाकाच्या शेंड्यावर गुलाबी चष्मा. एक काडी कानापर्यंत पोचत नव्हती म्हणून ती बोटाने धरलेली. ओठ हलत होते. एका पानाला एवढा वेळ, की तेवढ्यात भात झाला असता.

आयव्हीने तोंडात फडकं कोंबलं आणि आल्या पावली मिस इनेझकडे गेली.

"वाचतायत?" मिस इनेझने छातीवर हात ठेवला. "माझ्या प्रकरणापर्यंत आले का?"

"तुझं सातवं. अजून चपलांवर आहेत."

चपलांचं प्रकरण आयव्हीला पाठ झालं होतं. बोंगो झेफ जुन्या टायरच्या चपला कापून पोरीला घालायचे आणि शाळेतल्या मुली तिला पंक्चर म्हणून हाक मारायच्या. त्या संध्याकाळी घरी येऊन बघते तर घरामागे इतकी वर्षं जपून ठेवलेल्या टायरांची चळत नाहीशी झालेली.

"टायर कुठे गेले?"

"ओढ्याकडे टाकले. डास होतात."

एवढी वर्षं डासांना काय झालं होतं, हे तिने विचारलं नाही.

त्यानंतर तिला तणाव्याकडे बघायचीही गरज राहिली नाही. राजे काय करतात त्यावरून ते कुठवर आलेत ते कळायचं. रेडिओचं प्रकरण झालं त्या दिवशी ते जेवताना म्हणाले, "इनेझचा रेडिओ फार हळू लागतो. ऐकू येत नाही काही." सातव्या प्रकरणाला तर गंमतच झाली. देस्ता लहानपणी कुंपणाच्या भोकातून हात घालायची आणि पलीकडून मिस इनेझ तिच्या हातावर तळलेला मासा ठेवायची. हे कळल्यावर बोंगो झेफनी ते भोक पत्र्याचा तुकडा ठोकून बंद केलं होतं. आता मिस इनेझ धापा टाकत आली.

"आयव्ही, तुझ्या नवऱ्याने भोक उघडलं! खिळे उपटले! वर त्यातून डोकावून मला गुड मॉर्निंग म्हणाले. मी म्हटलं, कोण गेलं? मला वाटलं मृत्यूचीच बातमी आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? हातात मासा होता, तो मागे लपवला."

नवव्या प्रकरणाला मात्र गंमत नव्हती. शाळेचा बक्षीस समारंभ होता. देस्ता कविता म्हणायला उभी राहिली होती, आणि बाईंनी तिचं डोक्याचं फडकं काढून केसांना पिवळी रिबीन बांधली होती. बोंगो झेफ सभागृहाच्या मधल्या वाटेने सरळ चालत गेले आणि अर्ध्या कवितेतून हाताला धरून तिला खाली उतरवलं. कुणीच हसलं नाही, लोक हसले असते तर बरं झालं असतं, असं तिने लिहिलं होतं.

त्या दिवशी बोंगो झेफ जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, पण स्तोत्र सुरू होईना. आयव्ही लापशी ढवळत होती. नियम मोडून तेच बोलले.

"महाराणी, ती कविता पुढे काय होती?"

"मला नाही येत. घरात म्हणायला तुम्ही बंदी केली होती. ती ओढ्यावर जाऊन म्हणायची."

ते स्तोत्र न म्हणताच उताराकडे निघून गेले.

आयव्हीला वाटलं, आता होईल. आता हा माणूस शेवटापर्यंत जाईल. त्याच दुपारी ती स्वतःचं पुढचं प्रकरण वाचायला बसली, चौदावं, आणि दुसऱ्याच पानावर तिने कपाळाला हात लावला. प्रकरण जायफळाच्या डब्यापासून सुरू होत होतं. चिमूट किती, डोळे कसे मिटायचे, ओठांवर बोट ठेवून पोरीला गप्प कसं करायचं. शनिवारचे भाऊबंद होते, "समुद्र!" होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, "आमच्या घरात वडिलांचा शब्द मोडणारी पहिली मी नव्हे. ती माझी आई."

"फाड," मिस इनेझ म्हणाली. "एक प्रकरण कुठल्याही पुस्तकातून गळू शकतं. नाहीतर साबुदाण्याच्या खळीने चिकटव. पार्सलातच तसं आलं म्हणायचं. मी साक्ष देते."

"तू पार्सलाबद्दल साक्ष देऊच नकोस."

आयव्हीने पान बोटांत धरलंही. पण देस्ता विचारणार होती, सगळं वाचलं का. आणि एकदा अर्ध्यातून उतरवलेल्या पोरीचा शब्द पुन्हा अर्ध्यातून उतरवायचा, हे आईच्या हाताने होईना. पान तसंच राहिलं. त्याऐवजी तिने दुसरं काही केलं. जायफळाचा डबा उचलून शेंगदाण्याच्या पोत्यामागे ठेवला आणि पातेलं खरोखरीचं अळणी केलं. राजे त्या प्रकरणाशी पोचतील तेव्हा निदान गुन्हा जुना झालेला असेल.

पहिल्या दिवशी बोंगो झेफ घास तोंडात घोळवून म्हणाले, "कोनफळ कोवळं काढलंस."

"तुम्हीच काढलंत."

दुसऱ्या दिवशी चंद्राला दोष दिला, लावणी चुकीच्या तिथीला झाली म्हणून. तिसऱ्या दिवशी पावसाने चव धुऊन नेली. चौथ्या दिवशी ते उतारावर ओणवे होऊन माती चाखताना मिस इनेझला दिसले आणि तिने घरी जाऊन त्यांच्यासाठी प्रार्थना केली. शनिवारी भाऊबंद आले. फोडी वाटल्या गेल्या. "काय लागतं?" या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी सगळ्यात म्हातारा भाऊ चाचरत म्हणाला, "आज समुद्र... जरा लांब आहे, झेफ."

त्या रात्री त्यांचा चेहरा इतका उतरला, की आयव्हीला डबा आणून त्यांच्या पुढ्यात आपटावासा वाटला. पण धीर झाला नाही.

मंगळवारी दुपारी तिने पातेलं उचलून बघितलं. तणावा चौदाव्या प्रकरणाच्या पुढे गेला होता. पानावर मातीचे दोन अंगठे होते, एक "समुद्र!" वर आणि एक शेवटच्या ओळीवर.

संध्याकाळी तिने ताट वाढलं. भोपळ्याचं कालवण, कोनफळ, माठ. बोंगो झेफ बसले. ताटाकडे बघत राहिले. एक घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. आयव्ही उभीच होती. मनातल्या मनात तिने कपड्यांचं बोचकंही बांधून टाकलं होतं, मिस इनेझच्या मागच्या खोलीपर्यंत पोचलीही होती.

"आजही नाही घातलंस?" ते म्हणाले.

"...नाही."

"हं."

तिसरा घास त्यांनी उचलला आणि परत ठेवला. मग सावकाश मान वळवून दाराबाहेर बघू लागले. "मी-आणि-मी आता डोंगराकडे बघतोय," ते म्हणाले. "डोंगर मोठा आहे. बघायला जरा वेळ लागतो."

आयव्हीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ती पोत्यामागे हात घालून डबा घेऊन आली, ताटावर चिमूट सोडली, डबा पुन्हा नेऊन ठेवला. या वेळी पोत्यामागे नाही, चुलीजवळच्या जुन्या जागी.

बोंगो झेफनी मान वळवली, घास घेतला आणि डोळे मिटले. सगळं ताट संपवलं. हात धुताना फक्त म्हणाले, "भाऊबंदांना काही सांगायचं नाही."

"मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं?"

"तू नाही सांगितलंस," ते म्हणाले. "कार्टीने सांगितलं." आणि दाढीत कुठेतरी हसू हललं, ते त्यांनी टॉवेलने पुसून टाकलं.

रविवारी फोन वाजला. आयव्ही अंगणातल्या बाकावर बसून बोलत होती. बोंगो झेफ थोडं लांब कुदळीचा दांडा तासत होते. तो दांडा आदल्या दिवशीच नवा घातलेला होता, त्यात तासण्यासारखं काही नव्हतं.

"आई, वाचलं का गं त्यांनी?"

आयव्हीने वर बघितलं. कुंपणाच्या भोकात मिस इनेझचा डोळा होता. राजांचा हात थांबला होता. हो म्हणून टाकावं असं तिला फार वाटलं. पण पंचवीस-सव्वीस वर्षं या घरातलं सगळं तिनेच गुपचूप निभावलं होतं. आता पुरे झालं.

"तूच विचार," असं म्हणून तिने फोन त्यांच्यापुढे धरला.

बोंगो झेफ यांनी आयुष्यात त्या डबीला बोट लावलं नव्हतं. त्यांनी कुदळ खाली ठेवली, हात धोतरासारख्या गुंडाळलेल्या फडक्याला पुसले आणि फोन उलटा धरला. आयव्हीने सुलटा केला. मग ते बसच्या दारात उभे असल्यासारखे ओरडले,

"देस्ता!"

मिस इनेझच्या कोंबड्या उडाल्या. टोरांटोलाही फोनशिवाय ऐकू गेलं असतं.

"बाबा?" पलीकडचा आवाज एकदम लहान झाला होता.

"चपलांचं तू लिहिलंस, ट्रकचा टायर. ट्रकचा नव्हता. बसचा होता. माझ्या बसचा. सोडून आलो तेव्हा ड्रायव्हरने दिला होता."

"...बरं, बाबा."

"बाकी," ते म्हणाले, आणि थांबले. आयव्हीने बाकाची कड धरली. बोंगो झेफ डोंगराकडे बघत होते, आणि डोंगर खरंच मोठा होता. "बाकी आहे तसंच आहे. मी शेवटापर्यंत गेलो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"नीरफणस पुढच्या महिन्यात पिकतील," ते म्हणाले. "येशील तेव्हा एक कर."

"काय, बाबा?"

"मला वाचायचा चष्मा आण. गुलाबी नको."